शोधांच्या कथा आणि बालवाचक

[तालुक्यातील प्राथमिक शिक्षकांच्या शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण]



मुलांनी अवांतर वाचन करावे, हे आपणां सर्वांना मान्य आहे. त्या वाचनात विज्ञानाची, संशोधकांच्या चरित्रांची आणि शोधांच्या इतिहासाची पुस्तके असावीत, याविषयीही दुमत नाही. म्हणूनच शाळेच्या कपाटात अशी आठ-दहा पुस्तके बहुधा सापडतात. परंतु ती कशी निवडावीत आणि निवडल्यावर मुलांच्या हाती कशी द्यावीत, याचा विचार आपण क्वचितच करतो. त्याच प्रश्नासंबंधी चार गोष्टी आज आपणांपुढे मांडावयाच्या आहेत.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. शोधाची गोष्ट सांगणारी पुस्तके दोन प्रकारची असतात. अमुक थोर पुरुषाने अमुक साली अमुक शोध लावला, एवढेच पहिल्या प्रकारचे पुस्तक सांगते. त्याला कोणती अडचण पडली, तिच्यातून कोणता प्रश्न सुचला, तो त्याने कसा तपासला आणि कितीदा फसल्यावर त्याला उलगडा झाला, हे दुसऱ्या प्रकारचे पुस्तक सांगते. पहिले वाचून मूल हात जोडते. दुसरे वाचून ते हात कामाला लावते. प्राथमिक शाळेला गरज आहे ती दुसऱ्या प्रकारच्या पुस्तकांची.

हा भेद केवळ आवडीनिवडीचा नाही. एका शाळाभेटीच्या वेळी चौथीच्या वर्गात गुरुजी जेम्स वॅटची गोष्ट सांगत होते. किटलीचे झाकण वाफेने उडताना लहानग्या जेम्सने पाहिले आणि त्यातून वाफेच्या यंत्राचा शोध लागला, ही आपणां सर्वांच्या परिचयाची कथा. गोष्ट संपताच एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “गुरुजी, आमच्या घरी भात शिजताना झाकण रोजच उडते. मग हा शोध माझ्या आईला का नाही लागला?” वर्ग हसला. “जेम्स फार बुद्धिमान होता,” असे उत्तर देऊन गुरुजींनी पाठ पुढे नेला. मुलगी खाली बसली.

त्या दिवशी वर्गात विचारला गेलेला सर्वांत चांगला प्रश्न तोच होता. त्याला मिळालेल्या उत्तराने त्या मुलीला काय शिकविले? शोध लावणारी माणसे निराळ्या मातीची असतात, आणि तिची आई व ती स्वतः त्या मातीची नाहीत, एवढेच. यात गुरुजींचा दोष थोडा आहे. त्यांच्या हाती असलेल्या पुस्तकातच याहून चांगले उत्तर नव्हते.

आता खरी हकीकत पाहा. वॅटचा जन्म 1736 सालचा. त्याच्या जन्मापूर्वी चोवीस वर्षे, म्हणजे 1712 साली, थॉमस न्यूकोमेन याचे वाफेचे यंत्र इंग्लंडात खाणीतील पाणी उपसू लागले होते. म्हणजे वाफेचे यंत्र वॅटने प्रथम शोधून काढले, हे विधानच चुकीचे आहे. वॅट हा ग्लासगो विद्यापीठात उपकरणे तयार करणारा व दुरुस्त करणारा कारागीर होता. 1763-64 च्या सुमारास न्यूकोमेनच्या यंत्राची एक लहान प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली. ती दुरुस्त झाली, तरी चार-दोन फेरे होताच बंद पडे. एवढी वाफ जाते कोठे, असा प्रश्न त्याला पडला. त्याने वाफ मोजली. तेव्हा असे दिसून आले की, यंत्राच्या प्रत्येक फेऱ्याला तेच नळकांडे एकदा तापवावे लागते व एकदा थंड करावे लागते. ते पुन्हा तापविण्यातच बहुतेक वाफ खर्ची पडते. मग नळकांडे सदा गरम ठेवावे आणि वाफ थंड करण्यासाठी निराळे भांडे जोडावे, ही कल्पना त्याला 1765 साली सुचली. 1769 साली त्याला तिचे एकस्व मिळाले. आणि व्यवहारात उपयोगी पडणारी यंत्रे उभी राहण्यास 1776 साल उजाडले.

ही हकीकत त्या मुलीला सांगितली असती, तर तिच्या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळाले असते. झाकण उडताना पाहणे ही काही विशेष गोष्ट नव्हे; ते सर्वांनाच दिसते. काय वाया जाते आहे, हे मोजून पाहणे ही विशेष गोष्ट. आणि मोजणे चौथीच्या मुलीला येते. चुलीवरच्या भातावर झाकण ठेवले तर किती वेळ लागतो आणि न ठेवले तर किती, हे घड्याळ लावून ती उद्याच पाहू शकते. तिच्या आईचा सरपणाचा अनुभव त्या वेळी तिच्या उपयोगी पडेल.

न्यूटनच्या सफरचंदाचेही असेच आहे. सफरचंद पडताना पाहून आपल्या मनात विचार आला, असे न्यूटननेच उतारवयात सांगितले होते. विल्यम स्ट्यूकली या त्याच्या स्नेह्याने 1726 सालचे ते संभाषण नोंदवून ठेवले आहे. परंतु फळ डोक्यावर आदळले आणि नियम सापडला, ही मागाहूनची भर आहे. प्लेगमुळे विद्यापीठ बंद पडले आणि न्यूटन गावी राहिला, तो काळ 1665-66 चा; त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला 1687 साली. मधल्या वीस वर्षांचे गणित ज्या पुस्तकात वगळलेले असते, ते मुलाला विज्ञानाविषयी एक असत्य शिकविते. विचार करण्यास वेळ लागतो, ही गोष्ट संथपणे शिकणाऱ्या मुलाला कोणीतरी सांगावयास हवी. आणि न्यूटनच्या दाखल्याने सांगितली, तर ती त्याला पटेल.

मुलांसाठी लिहिलेल्या विज्ञानाच्या पुस्तकाचे सामर्थ्य केवढे असते, याचे एक उदाहरण मी सविस्तर सांगणार आहे. जेन मार्सेट नावाच्या बाईंनी 1806 साली रसायनशास्त्रावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. ते संवादरूप आहे. एक शिक्षिका आणि कॅरोलिन व एमिली या तिच्या दोन विद्यार्थिनी बोलत आहेत, मुली शंका विचारीत आहेत, मध्येच प्रयोग होत आहेत, अशी त्याची रचना. आरंभीच्या आवृत्त्यांवर बाईंचे नावही नव्हते. त्याच सुमारास लंडनमध्ये एका लोहाराचा मुलगा वयाच्या चौदाव्या वर्षी पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करू लागला. त्याचे शिक्षण लिहिण्यावाचण्यापुरते आणि थोड्या हिशेबापुरतेच झाले होते. परंतु दुकानात बांधणीसाठी आलेली पुस्तके तो वाचून काढी, आणि मालक त्यास आडकाठी करीत नसे. त्यांतच मार्सेटबाईंचे हे पुस्तक त्याच्या हाती लागले. या मुलाचे नाव मायकेल फॅरडे.

फॅरडेने त्या पुस्तकावर नुसता विश्वास ठेवला नाही. त्यातील विधाने तो आपल्या ऐपतीप्रमाणे लहानसहान प्रयोग करून पडताळून पाही. आणि ती खरी ठरली, म्हणून त्याची त्या पुस्तकावर श्रद्धा बसली. पुढे 1812 साली हंफ्री डेव्ही यांची व्याख्याने ऐकण्याची संधी त्याला मिळाली. त्याने टिपणे काढली, आकृत्या काढल्या, सर्व पाने स्वतः बांधली आणि तो ग्रंथ डेव्हींकडे पाठविला. 1813 साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला साहाय्यकाची जागा मिळाली. 1831 साली त्याने दाखवून दिले की, तारेच्या वेटोळ्यात चुंबक हलविला असता वीज वाहू लागते. कोयनेच्या विद्युत्‌गृहातील जनित्र याच तत्त्वावर फिरते, आणि आपल्या शाळेतील दिवा त्यामुळेच लागतो. इतका मोठा झाल्यावरही फॅरडे मार्सेटबाईंना विसरला नाही. विज्ञानातील आपल्या पहिल्या शिक्षिका म्हणून तो त्यांचा आदराने उल्लेख करीत असे.

आणि मग त्यानेही मुलांसाठी एक पुस्तक दिले. रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुटीत मुलांसाठी व्याख्याने करण्याची प्रथा 1825 साली सुरू झाली. ती आजही चालू आहे. फॅरडेने अशा एकोणीस व्याख्यानमाला गुंफल्या. त्यांतील मेणबत्तीवरची सहा व्याख्याने 1861 साली पुस्तकरूपाने निघाली. विषय एकच, जळती मेणबत्ती. मेण घन असून ते वातीवर कसे चढते? जळते ते मेण, की मेणाची वाफ? ज्योतीला प्रकाश कशाने येतो? जळून गेलेले मेण जाते कोठे? एकेका प्रश्नातून पुढचा प्रश्न निघतो आणि प्रत्येकाचे उत्तर टेबलावरच्या प्रयोगातून मिळते.

बंधुभगिनींनो, यांतील कित्येक प्रयोग आपल्या एकशिक्षकी शाळेतही होतात. मेणबत्ती फुंकर मारून विझवावी. वातीतून पांढऱ्या धुराची रेघ वर जाऊ लागते. पेटती काडी वातीला न लावता त्या धुराला, वातीपासून थोडी वर धरावी. ज्योत धुरावरून खाली उडी घेते आणि मेणबत्ती पुन्हा पेटते. जळते ती मेणाची वाफ, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. ज्योतीत क्षणभर चमचा धरला, तर त्यावर काजळी धरते. ज्योतीच्या वर थंड, कोरडा पेला उपडा धरला, तर आतून दंव जमते. आग आणि पाणी यांचे वैर आहे असे समजणारी मुले ज्योतीतून पाणी निघालेले पाहून थक्क होतात. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून एक रात्र ठेवावा. वरची निवळी गाळून घ्यावी आणि नळीने तीत उच्छ्वास सोडावा. निवळी दुधासारखी पांढरी होते. पेटत्या मेणबत्तीवर धरलेल्या बाटलीत तीच निवळी ओतून हलविली, तरी ती पांढरी होते. श्वसन आणि ज्वलन यांचे नाते पाचवीच्या मुलाला याहून सोपे करून कोण सांगू शकेल? मात्र असे प्रयोग शिक्षकांनी स्वतःच्या देखरेखीखालीच करवून घ्यावेत. नळीने निवळी वर ओढली जाणार नाही आणि चुना डोळ्यांत उडणार नाही, याची काळजी घ्यावी.

चांगल्या पुस्तकाचे दुसरे लक्षण असे की, ते मुलाला आपल्या गावाच्या इतिहासाशी जोडून देते. देवीच्या लसीची गोष्ट घ्या. एडवर्ड जेन्नर या इंग्लिश डॉक्टराने 14 मे 1796 रोजी जेम्स फिप्स नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला गोस्तनदेवीची लस टोचली. दूध काढणाऱ्या स्त्रियांना गाईपासून हा सौम्य रोग झाला म्हणजे पुढे देवी येत नाहीत, ही समजूत त्या भागातील गवळ्यांत आधीपासून होती; जेन्नरने ती पद्धतशीर तपासून पाहिली. पुढे ही लस बगदाद व बसऱ्याच्या मार्गाने मुंबईस आली, आणि 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतातील ते पहिले लसीकरण. 1980 साली देवीचा रोग पृथ्वीवरून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले.

हा धडा वाचल्यावर मुलांना गृहपाठ द्यावा की, घरी जाऊन आजीच्या किंवा आजोबांच्या दंडावरचा टोचल्याचा व्रण पाहून या, आणि त्यांच्या लहानपणी गावात देवी आल्याचे त्यांनी कोणाकडून ऐकले होते काय, ते विचारून या. आईवडिलांच्या दंडावर तो व्रण का नाही, हा प्रश्न मुले मग स्वतःच विचारतील. पुस्तकातला शोध घराच्या ओसरीपर्यंत आला, म्हणजे तो विसरला जात नाही. त्याचबरोबर, एका लहान मुलावर असा प्रयोग करणे आजच्या नीतिनियमांत बसणार नाही, हेही प्रामाणिक पुस्तकाने सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट प्रामाणिकपणाचीच आहे. थोरांची चरित्रे लिहिताना त्यांना देव्हाऱ्यात बसविण्याची आपली रीत आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन 1921 साली इंग्लंडहून बोटीने परत येत होते. भूमध्य समुद्राचा गडद निळा रंग पाहून, हे केवळ आकाशाचे प्रतिबिंब आहे, या प्रचलित उत्तरावर त्यांचे समाधान झाले नाही. जवळच्या साध्या उपकरणाने त्यांनी बोटीवरच तपासणी आरंभिली. त्या प्रश्नाचा माग काढीत, के. एस. कृष्णन यांच्या साहाय्याने, ते 28 फेब्रुवारी 1928 च्या शोधापर्यंत पोहोचले. 1930 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आणि 1987 सालापासून तो दिवस आपण राष्ट्रीय विज्ञान दिन म्हणून पाळतो. ही कथा मुलांना अवश्य सांगावी.

परंतु तिच्या शेजारी दुसरीही सांगावी. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमलाबाई, ज्या पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्ध झाल्या, त्यांनी 1933 साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेशासाठी अर्ज केला. संस्थेचे संचालक रामन यांनी, त्या स्त्री आहेत म्हणून, प्रवेश नाकारला. कमलाबाई परत फिरल्या नाहीत. अखेर काही अटींवर, वर्षभर काम पाहून मग निर्णय घेण्याच्या बोलीवर, त्यांना प्रवेश मिळाला. त्यांनी काम करून दाखविले. 1939 साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. पदवी दिली, दूध, डाळी आणि नीरा यांच्या पोषणमूल्यांवर त्यांनी पुढे संशोधन केले आणि मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद भूषविले. या दोन्ही कथा एकत्र वाचल्या, म्हणजे मुलांना कळते की, समुद्राच्या रंगाविषयीची रूढ समजूत तपासून पाहणाऱ्या थोर माणसाकडूनही एखादी रूढ समजूत तपासावयाची राहून जाते. रामन यांचे मोठेपण याने उणावत नाही. वर्गातील मुलींचे धैर्य मात्र वाढते.

तेव्हा पुस्तक निवडताना त्याला चार प्रश्न विचारावेत. शोध कोणत्या अडचणीतून निघाला, हे त्यात आहे काय? तो खरा कशावरून मानावयाचा, म्हणजे कसा तपासला गेला, हे सांगितले आहे काय? आधी झटलेल्यांचा आणि बरोबर राबलेल्यांचा त्यात उल्लेख आहे काय? आणि मुलाला स्वतः करून पाहता येईल असे त्यात काही आहे काय? चारांपैकी तिहींना होकार आला, तर पुस्तक अवश्य घ्यावे. चित्रे गुळगुळीत आहेत किंवा पुठ्ठा जाड आहे, हे त्यानंतर पाहावे.

अशी पुस्तके मराठीत मुळीच नाहीत, असे कोणी म्हणू नये. ‘सृष्टिज्ञान’ मासिक 1928 पासून आणि मराठी विज्ञान परिषद 1966 पासून मराठीतून विज्ञान सांगण्याचे काम करीत आली आहे. श्री. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अनेक वर्षे काम केले. काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुनी वर्तमानपत्रे अशा टाकाऊ वस्तूंतून त्यांनी शेकडो खेळणी रचून दाखविली, आणि त्यांची कित्येक पुस्तके मराठीतून विनामूल्य उपलब्ध करून दिली. अनुदान आले नाही, ही सबब निदान येथे चालणार नाही.

पुस्तके आणल्यावर ती वाचावी कशी? आठवड्यातून एक तास प्रकट वाचन करावे. जेथे संशोधकाला अडचण पडते, तेथे पुस्तक मिटावे आणि “तुम्ही त्याच्या जागी असता तर काय करून पाहिले असते?” असे विचारावे. दोन-चार उत्तरे फळ्यावर लिहावीत. चुकीची असली तरी पुसू नयेत. मग पुढे वाचावे. वर्गात एक प्रश्नवही टांगून ठेवावी आणि मुलांनी आपल्या शंका नावानिशी तीत लिहाव्यात. ज्यांचे उत्तर शिक्षकांस येत नसेल, त्यांच्यापुढे तसे स्पष्ट लिहावे. शिक्षकालाही शोधावे लागते, हे कळण्याने शिक्षकाचा मान उणावत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आपल्या शाळेतील सर्वच मुले काही शास्त्रज्ञ होणार नाहीत. परंतु प्रत्येक मूल उद्या एखाद्या घरातील कर्ते माणूस होणार आहे. रात्री शेतात कोणाला साप चावला, तर त्यास मांत्रिकाकडे न्यावयाचे की दवाखान्यात, हा निर्णय घरातच आणि काही मिनिटांतच होतो. त्या वेळी “मंत्राने विष उतरते, हे कशावरून?” असे विचारणारा एक आवाज घरात असणे, हा जीवनमरणाचा प्रश्न असतो. तो आवाज ऐन वेळी उमटत नाही. त्याला लहानपणापासून सवय लागावी लागते. गुरुजींच्या तोंडचे आणि छापील पुस्तकातलेसुद्धा तपासून पाहण्याची मुभा ज्या मुलाला शाळेत मिळाली, तेच मूल पुढे घरातील वडीलधाऱ्यांपुढे नम्रपणे, पण ठामपणे बोलू शकते.

शेवटी एक विनंती. आपल्या शाळांतील पुस्तके कुलपात राहतात, याचे कारण शिक्षकांची अनास्था हे नव्हे. पुस्तक फाटले, तर दप्तरी जबाब द्यावा लागेल, ही भीती असते. तपासणीच्या वेळी मुलांनी वाचून फाटलेल्या पुस्तकाबद्दल मी कोणास बोल लावणार नाही. कोरे करकरीत राहिलेल्या पुस्तकाबद्दल मात्र अवश्य विचारीन. पुस्तक फाटले, तर कार्यानुभवाच्या तासाला खळ, जाड कागद आणि दोरा घ्यावा आणि मुलांकडूनच ते बांधून घ्यावे. बांधता बांधता एखादे मूल ते उघडून वाचू लागले, तर त्यास थांबवू नये. फॅरडेच्या मालकाने थांबविले नव्हते.